अल्सरची भिशी

आमच्या दवाखान्यात अल्सरची भिशी लागायची, असं मी सांगितलं की समोरच्याला वाटतं, सिस्टर नोकरीतून निवृत्त झाल्या त्याबरोबर डोक्यानेही निवृत्त झाल्या. पण लागायची. शनिवारी दुपारी, पुरुषांच्या सर्जिकल वॉर्डात, सगळ्यांच्या देखत. कापसाचा रिकामा डबा मी स्वतः हलवायची. आणि या भिशीतून निघालेला आमच्या गोगटे सरांचा निबंध पुढे सर्जन लोकांच्या परिषदेत वाचला गेला. तिथे त्यांनी तिला भिशी म्हटलं नाही, एवढंच.

पिंपरी-चिंचवडला तेव्हा रोज कुठे ना कुठे नव्या कंपनीची भिंत उभी राहत होती. कोकणातून, मराठवाड्यातून, आजूबाजूच्या गावांतून माणसं यायची, चिकटायची, आणि वर्षा-दोन वर्षांत पोटावर मूठ दाबून आमच्याकडे हजर व्हायची. या आठवड्यात पहिली पाळी, पुढच्या आठवड्यात रात्रपाळी. जेवणाला वेळ नाही, चहाला मर्यादा नाही, वर तंबाखू. त्यामुळे अल्सर होतो असं तेव्हा आम्ही छातीठोकपणे सांगायचो. पुढे शास्त्राने सांगितलं की मूळ कारण एक जंतू आहे. म्हणजे इतकी वर्षं मी हजारो माणसांना मिरचीवरून झापलं ते जवळजवळ फुकट गेलं. असो, ओरडण्याचा सराव राहिला.

आमचा दवाखाना कामगारांचा, खाटा कमी आणि पोटं जास्त. गोगटे सर तिथले मुख्य सर्जन. जिभेला तिखट, हाताला मऊ. त्यांच्या टाक्यांचा व्रण पाहून मला माझ्या हातच्या शिवणाची लाज वाटायची. अल्सरवर तेव्हा दूध आणि पांढरं पातळ औषध चालायचं, आणि त्याने भागलं नाही की ऑपरेशन. ऑपरेशनं दोन. एकात जठराचा मोठा तुकडाच काढून टाकायचा. दुसऱ्यात आम्ल तयार करायला लावणारी नस कापायची आणि अन्नाला खाली उतरायला नवी वाट करून द्यायची. वॉर्डात त्यांना थोरलं आणि धाकटं म्हणत. कोणतं बरं, यावर सर्जन लोकांत भाऊबंदकीसारखे तट होते. गोगटे सरांनी ठरवलं, आपण वादात पडायचं नाही, तपासून बघायचं.

अशा तपासणीला वैद्यकीय चाचणी म्हणतात. बाहेरच्या माणसाला ती विचित्र वाटते, कारण तिचा पाया असा की रोग्याला कोणता उपचार द्यायचा हे डॉक्टरने ठरवायचं नाही. डॉक्टरने ठरवलं की तो धडधाकट माणसं आपल्या लाडक्या ऑपरेशनला धाडतो, अशक्त माणसं नावडत्याला, आणि मग म्हणतो, बघा, माझंच बरोबर. म्हणून चिठ्ठी टाकायची. चिठ्ठीला लाडकं-दोडकं नसतं. कोणता उपचार चांगला हे आपल्याला माहीत नाही, हे डॉक्टरने कबूल करायची ही एक सभ्य रीत आहे. एरवी आमच्या धंद्यात ते कबूल करायची कुठलीच रीत नव्हती.

सुरुवातीला बंद पाकिटं होती. रोगी टेबलावर झोपला की सर पाकीट फोडायला सांगायचे. आत थोरलं किंवा धाकटं लिहिलेलं असायचं. कागदोपत्री उत्तम. पण वॉर्डात दुसरंच पसरलं. ज्याची साहेबाशी ओळख त्याला धाकट्याचं पाकीट, आणि बिनवशिल्याच्या माणसाचं निम्मं पोट काढून घेतात. एकदा एक वेल्डर ऑपरेशनच्या सकाळी लुंगीवरच पसार झाला तो थेट कासारवाडी स्टेशनात सापडला. सरांचं म्हणणं, लोक अडाणी. माझं म्हणणं, ज्यांना बढतीपासून घरापर्यंत काहीच वशिल्याशिवाय मिळालेलं नाही त्यांनी पाकिटावर का विश्वास ठेवावा?

तोडगा काढला तो भालेरावांनी. हे मशीन शॉपमधले जुने टर्नर, कायम नोकरीवाले, स्वतःही अल्सरचे रोगी. उंच, इस्त्रीचा शर्ट, बोलणं मोजकं. युनियनमध्ये त्यांना मान होता, पण त्याहून मोठा मान होता तो त्यांच्या खात्यातल्या भिशीचा. दर महिन्याला सगळ्यांनी सारखी वर्गणी टाकायची, चिठ्ठी काढायची, नाव निघेल त्याने सगळी रक्कम न्यायची. असं करत प्रत्येकाची पाळी येते. भालेरावांच्या भिशीत कधी भांडण झालं नव्हतं. ते सरांना म्हणाले, "डॉक्टर, तुमचं पाकीट चोरून फुटतं म्हणून माणसं पळतात. सगळ्यांच्या समोर डबा ठेवा. ज्याची त्यानं चिठ्ठी काढू द्या. भिशी लावा, राव."

सरांना आधी राग आला. मग त्यांनी पुण्याच्या आकडेवारीच्या जाणकारांना विचारलं. हे गृहस्थ संख्याशास्त्रज्ञ, आमच्या चाचणीचा हिशेब तेच तपासायचे. ते म्हणाले की तत्त्व तेच आहे, हरकत नाही. झालं. शनिवारी डबा आला आणि पळापळ थांबली. इतकी की आपला नंबर नसतानाही लोक गंमत बघायला थांबायचे.

पण चाचणीची एक खोड असते, तिला वर्षं लागतात. आणि वैद्यकशास्त्राला तेवढा दम नसतो. आमची पुरेशी माणसं गोळा होईतो थोरल्या ऑपरेशनची जगभर हवा गेली. सर उद्वेगाने म्हणाले, "सिस्टर, आपण शर्यत लावली आणि एक घोडा घरी निघून गेला." दुसरा घोडा शोधावा तर नेमकी नवी गोळी आली. जठरातलं आम्लच कमी करणारी, दिवसातून चार वेळा घ्यायची. कुणी म्हणे आता सर्जनांनी हजामतीची दुकानं काढावीत. कुणी म्हणे गोळी थांबली की अल्सर पुन्हा हजर. खरं कुणालाच माहीत नव्हतं. संख्याशास्त्रज्ञ म्हणाले, चालू चाचणीत नियम बदलता येत नाहीत, नवीन मांडा. सरांनी नवीन मांडली. पांढरी चिठ्ठी म्हणजे दोन महिने गोळी, लाल चिठ्ठी म्हणजे धाकटं ऑपरेशन. डबा तोच.

रजा मंजूर व्हायची, खाट रिकामी व्हायची, म्हणून चिठ्ठी रोग्याने स्वतःजवळ ठेवायची आणि नंबर लागला की ती घेऊन यायचं, अशी पद्धत होती. शनिवारी कुणाला काय निघालं याची नोंद सर करायचे आणि ती त्यांच्या कपाटात कुलूपबंद असायची, कुणी ढवळाढवळ करू नये म्हणून. कुलूप उत्तम होतं. ढवळाढवळ झाली ती कपाटाच्या बाहेर.

एका शनिवारी, इतकी वर्षं दूध-औषधावर काढलेल्या भालेरावांना पांढरी निघाली. त्यांच्या पाठोपाठ बबन येळवंडे नावाचा मुलगा होता. मुलगा म्हणजे माझ्या मानाने. असेल पंचविशी ओलांडलेला. निघोज्याचा, फाउंड्रीत टेम्पररी, रोज सायकलने येणारा. घरी कोरडवाहू तुकडा, म्हातारी आई, लग्नाची बहीण. त्याला लाल निघाली. त्याने ती उलटून पाहिली, जणू मागच्या बाजूला पांढरी असेल. मग मला विचारलं, ऑपरेशननंतर ओझं कधी उचलता येईल. मी सांगितलं, तीन महिने तरी नाही. फाउंड्रीत टेम्पररी माणूस तीन महिने ओझं उचलणार नसेल तर त्याच्या जागी दुसरा उभा असतो, हे मला सांगायची गरज नव्हती. दिवाळीच्या सुमारास काही टेम्पररी पोरं कायम करणार अशी बोलवा होती आणि बबनचं नाव त्यात होतं म्हणे. पोट दाखवायला आला नसता तर बरं झालं असतं असं मला त्या दिवशी वाटलं. नर्सने असं वाटून घेऊ नये.

पुढे भालेराव ऑपरेशनला आले, हातात लाल चिठ्ठी. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. शनिवारी डब्यातून बऱ्याच चिठ्ठ्या निघत, आणि कुणाला कोणता रंग हे मी ध्यानात ठेवत बसत नसे, सरही हातातली चिठ्ठी बघून कामाला लागत. ऑपरेशन सुरेख झालं. तिकडे बबन पांढऱ्या चिठ्ठीवर गोळ्या घेऊन गेला आणि दोन महिन्यांत त्याचा चेहरा पालटला. एक दिवस तो पेढ्यांचा पुडा घेऊनच वॉर्डात आला. कायम झाला होता, आणि त्याला लाल निघाली होती हे त्या पेढ्यांत मी विसरूनच गेले. सरांनी पेढा खाल्ला आणि नोंदीत लिहिलं, दोन्ही रोगी समाधानकारक.

भालेराव मात्र समाधानकारक नव्हते. चार घास पोटात गेले की त्यांना दरदरून घाम यायचा, छाती धडधडायची, डोळ्यांपुढे अंधारी. अन्न त्या नव्या वाटेने भसकन खाली उतरतं त्याचा हा त्रास. गोड खाल्लं तर विचारूच नका. त्यावर उपाय एकच, थोडं थोडं खायचं, जेवताना पाणी प्यायचं नाही आणि जेवण झाल्यावर आडवं पडायचं. सर म्हणाले, काही महिन्यांत कमी होईल. बहुतेकांचं होतं. भालेरावांचं झालं नाही. कंपनीच्या कॅन्टीनमध्ये सगळे जेवून गप्पा मारत असताना हा ताठ माणूस मागच्या बाकावर डोळे मिटून पडलेला असायचा. नवीन पोरांना वाटायचं, म्हातारा कामचुकार आहे. हे मला कळलं तेव्हा फार वाईट वाटलं. भालेरावांना कामचुकार म्हणवून घेण्यापेक्षा अल्सर परवडला असता.

आणि मग बबन परत आला. पोटावर तीच मूठ. गोळी थांबली, अल्सर हजर झाला. सर त्याला तपासत होते, मी शेजारी उभी. सर म्हणाले, चाचणीच्या नियमाप्रमाणे गोळी फसली तर आता ऑपरेशन करता येईल. बबन ओशाळून म्हणाला, "करा की. तसं ते माझंच हाय. भालेरावभाऊंनी माझ्याऐवजी करून घेतलं, न्हाईतर मी कवाच आलो असतो."

सर म्हणाले, काय म्हणालास?

बबनने सगळं सांगितलं, अगदी मोकळेपणाने, कारण आपण काही लपवतोय असं त्याला वाटतच नव्हतं. शनिवारी चिठ्ठ्या निघाल्या, आणि फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर भालेरावांनी त्याची लाल घेऊन आपली पांढरी दिली. भिशीत हे चालतंच. एखाद्याच्या घरी लग्न निघालं, आजारपण आलं, तर ज्याची चिठ्ठी निघाली तो आपली पाळी त्याला देतो आणि आपण पुढच्या वेळी घेतो. नड ज्याची मोठी त्याची पाळी आधी. यात कोणी कोणावर उपकार करत नाही.

सरांनी कपाट उघडलं. शनिवारच्या नोंदी आणि वॉर्डातले केसपेपर मांडून आम्ही दोघं बसलो. बदल एकच नव्हता. एकाने काढणीच्या दिवसांसाठी गोळी घेतली होती. एकाला सासुरवाडीचा मुक्काम चुकवायचा होता, म्हणून त्याने हौसेने ऑपरेशन मागून घेतलं होतं. एकाने तर मित्राला घाबरताना बघवलं नाही म्हणून अदलाबदल केली. आम्ही ज्या शास्त्राच्या पायावर उभे होतो त्याखालून ही माणसं एकमेकांच्या अडचणी भागवत होती. मला हसू येत होतं, पण सरांच्या तोंडाकडे पाहून ते गिळलं.

भालेरावांना बोलावलं. सर संतापले की फार शुद्ध बोलायचे. इतक्या वर्षांचं काम आपण मातीत घातलंत, असं बरंच काही ते बोलले. भालेरावांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "डॉक्टर, कोणतं चांगलं ते तुम्हालाच माहीत नाही, असं तुम्ही आम्हाला सांगितलं. दोन्ही सारखंच असेल तर मी कोणतं घेतलं यानं काय बिघडलं? माझी नोकरी कायम होती. त्याची नव्हती."

आता यात भालेरावांची चूक होती, आणि ती मी सांगते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल सिस्टर त्यांच्या बाजूच्या. चुकीत मोठेपणा असला तरी चूक ती चूकच. पगारी रजावाले, जुने, चाळिशी ओलांडलेले ऑपरेशनला गेले आणि टेम्पररी तरणी पोरं गोळीला गेली, की दोन ढिगांतली माणसं मुळातच वेगळी झाली. मग गोळीने गुण आला की तरुण वयाने, कोण सांगणार? सर पूर्वी माणसं निवडायला मोकळे नव्हते. आता चहाच्या टपरीवर माणसं आपली आपणच निवडली जात होती.

संख्याशास्त्रज्ञांना बोलावलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं, चहा संपवला आणि निकाल दिला. ज्याला डब्यातून जी चिठ्ठी निघाली तो त्याच खात्यात मोजायचा. प्रत्यक्षात त्याने काय घेतलं ते बघायचं नाही. नाहीतर चिठ्ठी टाकण्याला अर्थच राहत नाही. मी विचारलं, म्हणजे कागदावर भालेरावांनी गोळी खाल्ली आणि बबनचं पोट कापलं? ते म्हणाले, बरोबर. मी म्हटलं, मग जेवल्यावर घाम येतो तो गोळीने? ते म्हणाले, सिस्टर, माणसं पुष्कळ असली की अशा गोष्टी एकमेकांत जिरून जातात. शास्त्र म्हणून ते बरोबर बोलत होते, हे मला पुढे पटलं. त्या दिवशी मात्र मी त्यांना दुसरा चहा विचारला नाही.

सरांनी हे भालेरावांना स्वतः सांगितलं. भालेराव म्हणाले, "मग कागदावर तरी मी जिलबी खातो का, डॉक्टर?" सर हसले नाहीत.

चाचणी संपली ती कुणी बंद केली म्हणून नाही. गोळी स्टेशनाजवळच्या औषधाच्या दुकानात मिळू लागली. ज्याला परवडेल तो घेऊन खाऊ लागला. डब्यात हात घालायला कोण येणार? तोवर सरांनी एक नवीन, बारीक ऑपरेशन शिकून घेतलं होतं. त्यात सगळी नस न कापता तिचे नेमके तेवढेच धागे कापायचे, आणि नवी वाट करायचीच नाही. त्रास जवळजवळ नाही. सरांनी उत्साहाने संख्याशास्त्रज्ञांना विचारलं, तिसऱ्या रंगाची चिठ्ठी टाकू या का. त्यांनी दोन्ही हात जोडले.

ते बारीक ऑपरेशन बबनचं झालं. आता तो कायम होता, रजा पगारी होती. त्याला नंतर दगड दिला तरी पचला असता. म्हणजे पहिल्या चिठ्ठीत नोकरी, दुसऱ्यांदा धडधाकट पोट. आणि ज्याने हे सगळं घडवून आणलं तो कॅन्टीनच्या बाकावर आडवा. सरांचा निबंध परिषदेत वाचला गेला तेव्हा सगळं वरातीमागून घोडं झालं होतं. एका तरुण डॉक्टरने विचारलं म्हणे, ही दोन्ही तुलनेला आता धरायचीच कशाला? टाळ्या सभ्य पडल्या. सर परत आले ते थेट राउंडला.

त्यानंतर बबनच्या बहिणीचं लग्न निघालं. पत्रिका द्यायला तो वॉर्डात आला, सरांना आणि मला आग्रह करून गेला. आम्ही दोघं सरांच्या गाडीतून गेलो. मांडवात पंगती चालू होत्या. बुंदी, वांग्याची भाजी, वरण-भात. पहिल्या पंगतीत, वरपक्षाच्या मंडळींच्या जोडीने, भालेराव बसले होते. आजूबाजूच्या गावांत त्या काळी ही गोष्ट साधी नव्हती. ते बौद्ध, बाकी पंगत पाटला-देशमुखांची. मी चार वळलेल्या माना पाहिल्या. बबनची आई स्वतः त्यांना वाढत होती. बुंदीचं ताट पानाशी आलं की म्हातारी वाढप्याचा हात बाजूला सारायची.

चार घास भात खाऊन भालेराव थांबले. कपाळावर घाम आला. एवढ्या लोकांत आता हा माणूस कुठे आडवा पडणार? पंगतीतून उठून बाहेर जायचं म्हटलं तर लोक बघणार, आणि बसून राहायचं म्हटलं तर चक्कर.

पण बबनने आधीच मांडवात, पंगतीच्या अगदी कडेला, खाट टाकून ठेवली होती. वर धुतलेली गोधडी, उशाला उशी. भर लग्नात, सगळ्यांच्या डोळ्यांपुढे, त्याने भालेरावांच्या खांद्याला धरून त्यांना तिथे नेलं, झोपवलं आणि पुठ्ठ्याने वारा घालत बसला. लग्नघरचा कर्ता माणूस. तिकडे वरपक्ष खोळंबलाय, मामा हाका मारतोय, हा हलत नाही. कुणीतरी म्हातारबाबा म्हणाले, अरे पाव्हण्यांबरोबर पंगतीला बस की, कवाचा उपाशी हाईस. बबनने मान हलवली.

सर हातात बुंदीचा द्रोण घेऊन खाटेपाशी आले. भालेराव किती वेळ पडून राहतात हे बघायला सवयीने त्यांचं मनगट वर गेलं. मी बबनला म्हटलं, मी घालते वारा, तू जाऊन दोन घास खाऊन घे.

"त्यांचं जिरल्याबिगर माझ्या गळ्याखाली कसं उतरल, बाई?" बबन म्हणाला.

सरांनी घड्याळावर बाही ओढली. बुंदीचा द्रोण खाली ठेवला आणि ते खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर बसले. भालेरावांना बरं वाटून ते उठेपर्यंत आम्ही तिघांपैकी कोणीच जेवलं नाही.